ओझ्यातले फटाके

वात पेटली, जराशी फुरफुरली आणि सुतळीपर्यंत पोचायच्या आतच विझली. सगुणने ओल्या गवतात उकिडवे बसून दुसरी काडी ओढली. ती वाऱ्याने नेली. समोर धावपट्टीच्या कडेला बगळ्यांचा थवा उतरला होता आणि पावसाने वर आलेले किडे टिपत, बापाची जागा असल्यासारखा, सावकाश डांबराकडे सरकत होता.

"सगुणकाका, बगळे! विमान इला, खंय आसात तुमी?" कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. आवाज सुपरवायझर रुद्रेशचा होता.

"हंयच मरतंय," सगुण बटण न दाबताच म्हणाला. सादळलेला सुतळी बॉम्ब त्याने चिखलात भिरकावला, शेजारी पडलेला तेलाचा रिकामा डबा उचलला आणि काठीने तो बडवत धावत सुटला. "हो हो हो हो!" पन्नाशी उलटलेला माणूस, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंगात पोपटी चमकणारे जाकीट. बगळे उठले, पण शहाण्यासारखे दरीकडे न जाता धावपट्टीवरूनच आडवे निघाले.  ढगातून विमानाचे दिवे दिसायला लागले होते. त्याने डबा फेकला आणि दोन्ही हात वर करून घसा फाटेस्तोवर ओरडला. थव्याचे काय मन फिरले कोण जाणे, तो वळला आणि चांदेल गावाच्या बाजूला उतरून गेला. पाठोपाठ विमान टेकले.

आत बसलेल्यांना यातले काही कळले नाही. कळायचे कारणही नव्हते. ते सामान काढायला उठले असतील, फोन सुरू केले असतील. एखादा पक्षी इंजिनात गेला तर काय होते ते सगुणला कामावर घेताना पडद्यावर दाखवले होते. तेव्हापासून दर विमानाला त्याचा श्वास अडायचा आणि चाके टेकली की सुटायचा. पठारावर विमानतळ झाला तेव्हापासून तो हेच काम करत होता. त्याआधी याच पठारावर त्याची गुरे चरायची. कधी काळी गुरे हाकायचो, आता पक्षी हाकतो, हाक तीच आहे, असे तो लग्नाकार्यात सांगायचा आणि लोक हसायचे.

हसण्यासारखे आता काही उरले नव्हते. पगार पावसाच्या आधी थांबला तो थांबलाच. पक्षी हाकलण्याचे काम ज्या कंपनीकडे होते तिची मुदत संपली. नव्या मंजुरीची फाईल निघाली आणि कसल्याशा निवडणुकीच्या आचारसंहितेत अडकली. आचारसंहिता उठली तर हा खर्च कोणत्या खात्याने सोसायचा यावर दोन कार्यालयांची पत्रापत्री सुरू झाली. तोवर पैसा बंद. काम मात्र बंद नाही, कारण विमाने बंद नाहीत. वरून कागद आला की ही सेवा अत्यावश्यक आहे, कोणालाही रजा मिळणार नाही. मंजुरी येईल त्या दिवशी जो कामावर असेल त्याला मागचे सगळे मिळेल, जो मध्येच सोडून जाईल त्याचे बुडाले. माणूस अत्यावश्यक, त्याचा पगार तेवढा सवडीने. सगुणच्या जोडीचा कृष्णनाथ हा कागद वाचून मोठ्याने हसला, त्याने जाकीट काढून खिळ्याला अडकवले आणि हरमलच्या एका हॉटेलात भांडी घासायला गेला. त्याच्या जागी कोणी आले नाही. सगुण राहिला. राहिल्याशिवाय मागचे मिळणार नव्हते आणि मागचे मिळाल्याशिवाय पुढचे दिसत नव्हते.

रुद्रेश जीप घेऊन आला. पेडण्याचाच मुलगा, डिप्लोमा झालेला, घरी तान्हे मूल. पगार त्याचाही अडकला होता.

"आवाज येवक नाय माका. बॉम्ब वाजवलांत नाय काय?"

"वाजात कसो? सादाळले सगळे. ह्यो शेवटचो पुडो. स्टोरात नवीन कधी येतले?"

"स्टोरात आता झाडू पण नाय, काका. मंजुरी येयसर खरेदी बंद."

"आणि ती आवाजाची तोफ?"

"तिका गॅस नाय."

"मगे मी काय करू, टाळयो वाजवू?"

रुद्रेशने इकडेतिकडे बघितले. मैलभर मोकळ्या पठारावर ऐकायला कोण होते? तरी त्याने आवाज उतरवला. "करा काय तरी. खंयसून तरी हाडा, वाजवा. माका विचारू नकात. पण पक्षी लागता नये. लागलो तर पयलो तुमचो पास जातलो, मगे माझो."

जीप निघून गेली. सगुणने चेपलेला डबा शोधून आणला आणि दगडाने ठोकून सरळ केला.

घरी विमला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, वळत होती. चवथ, गणपतीचा सण, आठवड्यावर आली होती आणि घरात बोलणे एकच चालले होते, संजनाच्या ओझ्याचे. वैशाखात लेक डिचोलीला दिली. तिची ही पहिली चवथ. पहिल्या चवथीला माहेरून सासरी ओझे जाते. नारळ, फळे, फराळ, जे जमेल ते टोपल्या भरभरून. ते बापाने स्वतः न्यायचे, व्याह्यांच्या ओसरीवर ठेवायचे, खुर्चीवर बसून मान घ्यायचा आणि चहा पिऊन परतायचे. त्या ओझ्याकडे वाड्यावरच्या सगळ्या बायका डोकावून बघतात आणि वर्षभर बोलतात.

पैशावाचून ओझे भरायचे म्हणजे काय असते ते विमलाला विचारावे. नारळ परसातलेच होते. केळीचा घड आणि चिबूड तिच्या माहेराहून, पार्शाहून आले. गूळ शेजारणीने दिला. आणि तिचा भाऊ देवेश याने मामाचा मान म्हणून फटाक्यांचा एक घसघशीत पुडा आणून दिला होता, सुतळी बॉम्ब आणि लांबलचक माळा. संजनाच्या सासरी गणपती घरात येताना फटाके वाजवायची मोठी हौस. ते ओझ्यातून गेले तर लेकीची मान ताठ राहील, असे विमलाचे म्हणणे. पावसात सादळू नयेत म्हणून तिने तो पुडा प्लास्टिकात गुंडाळून चुलीच्या बाजूच्या फळीवर, सोलांच्या बरणीमागे ठेवला होता. चुलीशेजारी दारूगोळा ठेवणारी बायको सगळ्या पेडणे महालात दुसरी नसेल, असे सगुण म्हणाला तर तिने त्याच्याकडे असे बघितले की त्याने हात धुवायला परसदाराची वाट धरली.

"अवो, रजेचा काय झाला?" तो जेवायला बसल्यावर तिने विचारले.

"नाय गावायची. कितीदा सांगू?"

"एक दीस?"

"एक दीस काय आणि अर्दो दीस काय. कृष्णनाथ गेलो. आता मीच एकलो. मी नाय गेलंय तर थंय कोण आसा? विमाना आकाशात थांबतली?"

"मगे ओझां कोण नेतलो?"

"देवेशाक धाड."

विमलाने पळी खाली ठेवली. "बापूस जिवंत आसताना मामान ओझां न्यायचा? लोक काय म्हणतले? पगार नाय ता नाय, रजा पण नाय. मगे तुमका थंय ठेवल्यानी कित्याक?"

सगुणने भातात कढी ओतली आणि तो कालवायला लागला. उत्तर त्याच्यापाशी होते. फाईल उद्या येईल, परवा येईल, तेव्हा आपण हजेरीवर असायला हवे, एवढेच ते उत्तर होते. पण ते तो पावसाळाभर देत आला होता आणि आता त्याचीच त्याला लाज वाटत होती.

तेवढ्यात संजनाचा फोन आला. तिचा आवाज ऐकला की सगुणचा चेहरा सैल व्हायचा.

"बाबा, तुमी येतलांत मगे? मामाक धाडू नकात हां. हंयसर सगळ्यांक सांगलंय मी, माझे बाबा विमानतळाक आसतत, तेंच्याशिवाय विमान उतराक शकना नाय."

"बघतंय गो बाय."

"बघतंय नाय. येतंय म्हणा."

"येतंय," तो म्हणाला आणि विमलाची नजर चुकवली.

दुसऱ्या दिवशी डब्याने काही भागले नाही. डब्याची भीती पक्ष्यांना एखादा दिवस वाटते, मग ते ओळखतात की हा माणूस नुसताच ओरडतो. घारी तर सगुणच्या डोक्यावरच फेऱ्या मारायला लागल्या. दुपारी त्यातली एक विमानाच्या वाटेवर आली ती हटेचना. टेकायला आलेले विमान पुन्हा नाक वर करून ढगात गेले आणि मोठी फेरी मारून आले. सुखरूप उतरले, पण वरच्या माणसांनी रुद्रेशला बोलावून झाडले आणि रुद्रेशने सगुणला.

"अजून एकदा असा झाला तर संपला, काका. मी काय करूक शकणंय नाय. तेंनी स्पष्टच सांगल्यानी."

"बॉम्ब दी, मगे बघ एक तरी घार रवता काय."

"माझ्याकडे मागतांत? माझ्या खिशात आसत?"

त्या विमानाचे वर जाणे सगुणच्या डोळ्यांसमोरून हलेना. खिडक्यांचे ठिपके त्याने खालून बघितले होते. त्यात कोणाची तरी संजना असेल. आणि काही झाले असते तर आत शिरायचा पास गेला असता, मागचे सगळे गेले असते, सगळ्या पावसाळ्याचे ओरडणे फुकट गेले असते. दोन्ही भीती एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की कुठली मोठी ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

सकाळी विमला विहिरीवर गेली तेव्हा तो चुलीशी आला. फळीवरचा पुडा त्याने खाली घेतला आणि हातात तोलला. कोरडा ठणठणीत होता. विमलाने जपलेली वस्तू कधी सादळली आहे? फाईल आली की स्टोअर भरेल, तिथून असेच आणून फळीवर ठेवू, ओझे जायच्या आधी तिच्या लक्षातही येणार नाही, असा त्याने हिशेब केला. पुडा जेवणाच्या डब्याखाली पिशवीत घातला, वर टॉवेल टाकला आणि पाववाल्या पोदेराची सायकल दारात घंटी वाजवत होती तिला वळसा घालून बाहेर पडला. उंडे घ्यायला थांबला नाही.

आता कोणीही म्हणेल की विमानतळात फटाके घेऊन जाणारा माणूस एक तर गुन्हेगार असतो, नाही तर वेडा. सगुण दोन्ही नव्हता. सुतळी बॉम्ब म्हणजे त्याच्या कामाचे हत्यार, जशी काजूवाल्याची आकडी किंवा नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याचा कोयता. इतकी वर्षे तो ते जीपमधून, जाकिटाच्या खिशातून, हातात धरून धावपट्टीच्या कडेने वागवत आला होता. ते आत स्टोअरमध्येच मिळायचे, त्यामुळे फाटकातून न्यायची वेळ कधी आलीच नव्हती. आतली वस्तू बाहेरून आणली की ती वेगळी होते, हे त्याच्या डोक्यातच आले नाही. फाटकाशी तो रोजच्यासारखा उभा राहिला, पिशवी यंत्राच्या पट्ट्यावर ठेवली आणि पलीकडे जाऊन हात पुढे केला.

पट्टा थांबला. उलटा फिरला. पुन्हा पुढे आला.

पडद्यासमोर बसलेला जवान उत्तरेकडचा होता, पोरसवदा. गेल्या हंगामात सगुणने त्याला घरचे काजू आणून दिले होते. त्याने सगुणकडे बघितले, मग पडद्याकडे, मग पुन्हा सगुणकडे.

"चाचा, इसमें क्या है?"

"बॉम," सगुण सरळ म्हणाला.

तो शब्द तिथे उच्चारायचा नसतो. रांगेतली सफाईवाली बाई दोन पावले मागे सरली. जवानाचा चेहरा पांढरा पडला. पट्ट्याखालचे कुठले तरी बटण त्याने दाबले आणि मग पळापळ झाली, फाटक बंद, दोघांनी सगुणचे दंड धरले. "पक्षी का बॉम है, पक्षी का," तो सांगत राहिला. "मैं रोज का आदमी है. इसको पूछो." जवान खाली मान घालून म्हणाला, "चाचा, ये क्या कर दिया आपने." त्याच्या आवाजात राग नव्हता आणि त्यानेच सगुण अधिक घाबरला.

त्याला एका खोलीत बसवले. टेबलावर पुडा, शेजारी जेवणाचा डबा, उघडून तपासलेला. भात, सुक्या बांगड्याची किसमूर. प्लास्टिकावर विमलाच्या स्वयंपाकघराचा धूर बसलेला होता, तो सुरक्षेच्या साहेबांनी बोटाने पुसून बघितला. साहेब बोलायला वाईट नव्हते. त्यांनी रुद्रेशला बोलावून घेतले.

"यांना फटाके बाहेरून आणायला कोणी सांगितलं होतं?"

सगुणने रुद्रेशकडे बघितले. आता हा सांगेल, असे त्याला खरेच वाटले. खंयसून तरी हाडा, कुठून तरी आणा, असे म्हणाला होता तो, ह्याच तोंडाने, परवाच. रुद्रेश दाराच्या कडीकडे बघत होता. त्याच्या गळ्यातला पास हलत होता.

"मटेरियल स्टोअरमधूनच घ्यायचं असतं, सर," रुद्रेश म्हणाला. "नियम आहे तसा."

"तू सांगललंस," सगुण म्हणाला. "रुद्रेश, तू सांगललंस मरे माका."

"मी फटाके म्हणूक नाय, काका," रुद्रेश अगदी हळू म्हणाला आणि ते खरे होते.

साहेबांनी दोघांकडे बघितले. त्यांना कळले असावे. पण कळून ते काय लिहिणार होते? फटाके सापडले होते ते सगुणच्या पिशवीत.

दुपारपर्यंत पोलिसांनी जबाब घेतला. कुठून आणले, कोणी दिले, का दिले. ओझे म्हणजे काय ते सगुण सांगायला लागला आणि मध्येच अडला, कारण लेकीच्या ओझ्यातून आपण चोरी केली हे त्याने त्या क्षणापर्यंत स्वतःशी असे शब्दांत म्हटलेच नव्हते. हवालदार पेडण्याचा होता. त्याच्याही बहिणीचे ओझे त्याच आठवड्यात जायचे होते. त्याने लिहिणे थांबवून पाण्याचा पेला पुढे सरकवला.

सगळा वेळ बाहेर विमाने उतरत होती. खोलीला खिडकी नव्हती, पण आवाजावरून सगुणला कळायचे की आता आले, आता वळले, आता टेकेल. दर वेळी त्याचे अंग ताठ व्हायचे. धावपट्टीच्या कडेला त्या दिवशी कोणी नव्हते. कृष्णनाथ नाही, सगुण नाही, डबा वाजवायलासुद्धा कोणी नाही. आणि एकामागून एक सगळी विमाने नीट उतरली. कुठे काही झाले नाही. झाले नाही ते चांगलेच झाले, त्याने देवाला मनातल्या मनात हातही जोडले. पण ज्याच्यावाचून एक दिवस चालणार नाही म्हणून त्याला घरी बसू दिले नव्हते, त्याच्यावाचून सगळे सुरळीत चालले होते, आणि हे त्याच्या जिव्हारी लागले.

गुन्ह्याचे काही नव्हते, हे सगळ्यांनाच पटले, आणि संध्याकाळी त्याला सोडले. पास मात्र ठेवून घेतला. जाकीट आणि वॉकीटॉकीही. पुडा जप्त झाला. जेवणाचा डबा परत दिला.

तो घरी आला तेव्हा विमला ओसरीवर बसली होती. दिवा लावलेला नव्हता. फळी तिने बघितली होती, आणि बाकीचे वाड्यावरून तिच्या कानावर आले होते. सगुण पायरीवर बसला आणि बूट काढायला लागला. पाऊस लागला होता, बूट निघेना.

"माझ्याकडे मागला आसता तर मी दिला नसता?" विमला म्हणाली.

"नसता दिला."

 ती उठून आली, त्याच्या समोर बसली आणि दोन्ही हातांनी ओढून त्याचा बूट काढला. "नसता दिला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. सगुणने दुसरा बूट तसाच पायात ठेवला आणि तिच्याकडे बघत बसला. 

चवथीच्या आदल्या दिवशी तो ओझे घेऊन निघाला. आता रजा मागायची नव्हती. विमलाने टोपल्या पुन्हा लावल्या होत्या. फटाक्यांची जागा मोकळी दिसू नये म्हणून तिथे दोन नारळ जास्त घातले आणि वरून नवे फडके बांधले. संजनाला काही सांगायचे नाही असे दोघांनी ठरवले होते. ठरवले म्हणजे बोलले नव्हते, पण ठरले होते.

डिचोलीच्या बसमध्ये टोपल्या पायांशी घेऊन तो खिडकीपाशी बसला. म्हापसा मागे पडल्यावर फोन वाजला. रुद्रेश होता. घ्यावा की नको असे करता करता त्याने घेतला.

"काका, फाईल झाली," रुद्रेश म्हणाला. "काल सही झाली. मागचा सगळा देतले म्हणतत." बसने वळण घेतले, सगुणने टोपल्या पायांनी धरून ठेवल्या. "तुमचा नाव मी घातलंय. तेंनी काढल्यानी. पास नाय म्हणान."

सगुण बाहेर बघत राहिला.

"काका? आयकतांत मरे? काका, माका घरात झोंप नाय."

"पोर बरा आसा तुझा?" सगुणने विचारले.

"आसा."

"बरां," सगुण म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. त्याला रुद्रेशला माफ करायचे नव्हते आणि त्याने केलेही नव्हते. विचारायचे म्हणून विचारले. शिव्या घालायला तरी अंगात जोर लागतो.

संजनाच्या सासरी तो पोचला तेव्हा गणपती आणायला पुरुष माणसे गेली होती आणि ती यायच्या बेतात होती. ओसरीवर बायकांची गर्दी. संजना धावत आली, नवी साडी, हातभर चुडा. "बाबा इले! मी म्हटलंय नाय?" ती सगळ्यांना सांगत सुटली. टोपल्या सोडल्या गेल्या. नारळ मोजले गेले, नेवऱ्यांचे कौतुक झाले, चिबडाचा वास घराभर पसरला. संजनाच्या धाकट्या जावेने तळापर्यंत हात घालून बघितले. "फटाके नात?" तिने विचारले. "तुज्या मामान दिल्ले म्हणटाली न्हय तूं?"

संजनाने बापाकडे पाहिले. एकदाच. सगुणने खाली बघितले, आणि त्या पोरीला काय समजले तीच जाणे.

"बाबांक फटाक्यांचो कंटाळो," ती हसून म्हणाली. "दिसभर थंय तेच वाजवतत. सणाक तरी कान शांत नको?"

बायका हसल्या. सगळ्यांना ते पटले. व्याही शांताराम गणपती घेऊन येणाऱ्यांच्या पुढे चालत आले होते. त्यांनी सगुणला हाताला धरून ओसरीवरच्या कदेलावर बसवले, त्या जुन्या हातांच्या खुर्चीवर, जिथे मानाचा माणूस बसतो. कोणी तरी चहा आणून दिला.

"तुमी आयलात, खूप बरें दिसलें," शांताराम म्हणाले. "संजना म्हणटाली, तुमकां रजा दिनात. चवथीक रजा दिली म्हणजे वयलीं मनशां बरीं आसात."

"होय," सगुण म्हणाला. "दिली."

"परत कामाक केन्नां?"

तेवढ्यात गणपती वळणावर आला आणि वाड्यावरच्या पोरांनी माळ लावली. आवाज डोंगराला आपटून परत आला. घरामागच्या भातशेतातून बगळ्यांचा थवा उठला, पांढराशुभ्र, आणि माडापोफळींच्या कुळागरावरून वळायला लागला. सगुण चहाचा कप हातात धरून उभा राहिला. त्याचा दुसरा हात कमरेच्या वॉकीटॉकीकडे गेला आणि तिथे काही सापडले नाही. त्याने शर्टाची घडी नीट केली, कोणी बघितले का ते पाहिले आणि खाली बसला.

सगळे गणपतीकडे बघत होते. माळ संपली. बगळ्यांनी वर एक फेरी मारली आणि ते पुन्हा शेतात उतरले. त्यांना कोणी हाकलले नाही.